ट्रॅकवरच्या १२ आणि २४ तासांच्या शर्यती: हिशेब, पोट, पाय

घाटवळण

दोन-चार मॅरेथॉन पदरात पडल्या की बरेच जण ५० किमीकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीकडे किंवा सह्याद्रीतल्या ट्रेलकडे वळतात. ट्रॅकवरच्या वेळेच्या शर्यती, म्हणजे ठरलेल्या तासांत जास्तीत जास्त अंतर कापायचं, त्या मानाने बाजूला राहतात, आणि जे उतरतात ते "सपाट तर आहे, चढ नाही, हरवायची भीती नाही" असं म्हणत उतरतात. म्हणून हा धागा. प्रत्येकाने आपल्याला नेमकं ठाऊक असलेलं लिहावं. वजन, मिनिटं, मीटर यांत लिहिलंत तर वाचणाऱ्याला जास्त उपयोग होईल.

आधी ट्रॅक समजून घेऊ. प्रमाण ट्रॅक ४०० मीटरचा असतो, पण ते ४०० मीटर पहिल्या लेनच्या आतल्या कडेपासून ३० सेंमी अंतरावर मोजलेले असतात. लेन १.२२ मीटर रुंद. कडेपासून ६० सेंमीवर, म्हणजे लेनच्या साधारण मधोमध धावलात तर फेरीला १.८८ मीटर जास्त पडतात. लेनच्या बाहेरच्या रेषेलगत धावलात तर फेरीला पाच मीटर. १६० किमी म्हणजे ४०० फेऱ्या. मधोमध धावणारा त्यात पाऊण किलोमीटर फुकट धावतो, बाहेरच्या रेषेलगत धावणारा दोन किलोमीटर. फेऱ्यांच्या बोर्डावर ते दिसत नाहीत, पाय मात्र ते धावलेले असतात.

दुसरी गोष्ट, वळणं. ट्रॅकच्या दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि दोन वळणं प्रत्येकी ११५.६ मीटरची. म्हणजे ४०० पैकी २३१ मीटर तुम्ही वळणावरच असता. २४ तासांत १६० किमी झाले तर त्यातले साडेब्याण्णव किलोमीटर एकाच बाजूला वळत गेलेले असतात. डावीकडे वळताना डावा घोटा, डाव्या नडगीचा पुढचा स्नायू आणि उजव्या खुब्याची बाहेरची बाजू आधी तक्रार करतात. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी ३, ४ किंवा ६ तासांनी दिशा बदलतात. आपल्या शर्यतीत बदल आहे का, असल्यास किती वाजता, हे आधीच विचारून घ्या. दिशा बदलली की पहिली दहा मिनिटं जरा सबुरीने. दुसरा खुबा तोवर गारठलेला असतो.

आता वेळेचा हिशेब. २४ तासांत १६० किमी म्हणजे सगळे थांबे धरून ९:०० मिनिटं प्रति किमी, फेरीला ३:३६. चोवीस तासांत एकूण एक तास थांबलात तर चालत्या-धावत्या वेळेचा पेस ८:३७ लागतो, फेरीला ३:२७. ऐकायला हा पेस अगदी सोपा वाटतो, आणि म्हणूनच लोक पहिल्या चार तासांत ६:३० ने पळतात. त्याची भरपाई सतराव्या तासाला करावी लागते, तेव्हा बसल्या खुर्चीतून उठणंही जड जातं.

अंदाज यावा म्हणून: १९९७ मध्ये ॲडलेडला मूळच्या ग्रीक यानिस कुरोसने ट्रॅकवर २४ तासांत ३०३.५०६ किमी केले. सगळं धरून सरासरी ४:४५. लिथुएनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिनने २०२२ मध्ये वेरोनाला रस्त्यावरच्या वळशावर ३१९.६१४ किमी केले. त्याच वर्षी जुलैमध्ये बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर आशिया-ओशनिया स्पर्धेत अमरसिंग देवंदाने २५७.६१८ किमी केले, म्हणजे चोवीस तास फेरीला सरासरी २:१४.

---

पहिलीच_वेळ

धागा अगदी वेळेवर आला. माझी १२ तासांची पहिलीच शर्यत आहे, संध्याकाळी ६ ते सकाळी ६. मॅरेथॉन ४ तास ४५ मिनिटांची. लक्ष्य ८० किमी, २०० फेऱ्या. सरासरी ९:०० येते. हे वाजवी आहे का?

---

सातवी_लेन

जमेल, पण फट फार कमी आहे. १२ तास म्हणजे ७२० मिनिटं. थांब्यांसाठी ४० काढा, राहिली ६८०. तीन फेऱ्या ३:०० ने धावायच्या आणि चौथी ४:२४ ने चालायची, असा फेरा धरला तर १६०० मीटरला १३:२४ लागतात, म्हणजे ८:२२ प्रति किमी. ६८० मिनिटांत ८१ किमी. पोट एकदा बिघडलं की तो एक किलोमीटर गेलाच म्हणून समजा.

म्हणून दोन आकडे ठरवा. एक ७५ चा, जो काहीही झालं तरी गाठायचा. दुसरा ८० चा, सगळं जुळून आलं तर. पहिल्या सहा तासांत ४२ आणि नंतरच्या सहात ३८ अशी वाटणी ठेवा. पहिल्या सहा तासांत ४६ झाले तर खूश होऊ नका. ती धोक्याची खूण आहे.

---

घाटवळण

सातवी_लेन, चालण्याची पूर्ण फेरी मला पटत नाही. ४:२४ सलग चाललं की रात्री अंग थंड पडतं आणि परत धावायला लागताना पाय आखडतात. दर फेरीला थोडं चालणं बरं. दर वेळी एकाच जागी चालायचं, म्हणजे डोक्याला मोजदाद नको.

---

सातवी_लेन

तेही चालेल, फक्त जागा नीट निवडा. चालणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या लेनमध्ये जावं लागतं. वळणावर तिसऱ्या लेनमध्ये गेलात तर त्या एका वळणाला सात मीटरहून जास्त पडतात. सरळ बाजूवर तिसऱ्या लेनमध्ये गेलात तर आत-बाहेर जाण्यापुरता तिरका तुकडा तेवढा जादा, तो नगण्य. त्यामुळे चाल नेहमी सरळ बाजूवर, वळण सुरू व्हायच्या आत पहिल्या लेनमध्ये परत. दुसऱ्याला मागे टाकायचं तर तेही सरळ बाजूवरच.

हिशेबही देतो. एक सरळ बाजू, ८४ मीटर, ११:०० च्या चालीने: ५६ सेकंद. उरलेले ३१६ मीटर ७:१५ च्या पेसने: २:१७. फेरी ३:१३, म्हणजे ८:०२ प्रति किमी. हे पहिल्या फेरीपासून करायचं, दमल्यावर नव्हे. दमल्यावर सुरू केलेली चाल ही चाल राहत नाही, फरफट होते.

आणि चालण्याचा सराव वेगळा करा. ११:०० ने चालणं म्हणजे बाजारात फिरणं नव्हे. कोपर वाकवून, पावलं छोटी आणि झपझप. आठवड्यात ४० मिनिटं एकदा तरी.

---

मोजणीदार

फेऱ्यांची मोजणी चिपने होते, पण चिप म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. घोट्यावरची चिप सैल होऊन उलटी फिरली, किंवा चिप वाचणाऱ्या मॅटच्या कडेवरून पाय उडून गेला, तर फेरी सुटते. यादीत ती ओळखायची खूण सोपी: ३:१५, ३:१२, ३:१८ अशा ओळीत मध्येच ६:२७ दिसते. तुम्ही थांबला नव्हतात आणि ६:२७ आली, तर दोन फेऱ्यांची एक झाली आहे. क्रूने, म्हणजे तुमच्या मदतनीसांनी, दर तासाला पडद्यावरचा आकडा वहीत उतरवला असेल तर हे तिथल्या तिथे दाखवता येतं. शर्यत संपल्यावर सांगून उपयोग नसतो.

घड्याळावर अजिबात भिस्त नको. जीपीएस वळणं कापतं नाहीतर फुगवतं. घड्याळ १०३ दाखवेल तेव्हा बोर्डावर १०० असतील. ट्रॅकचा मोड असेल तर लेन १ निवडा, तरीही अधिकृत आकडा बोर्डाचाच.

आणि एक नियम, जो मोडून लोक फेरी गमावतात: ट्रॅक जिथून सोडला तिथूनच परत आत यायचं. शौचालयाच्या फाटकातून बाहेर गेलात आणि परतताना वीस मीटर पुढच्या फाटकातून आत शिरलात तर ती फेरी बाद होऊ शकते. क्रूने बरोबर धावायचं नाही, खाणं ठरवून दिलेल्या पट्ट्यातच द्यायचं. ट्रॅकमध्ये दोघांनी जोडीने गप्पा मारत जाऊ नये, मागून येणाऱ्याला दर वेळी बाहेरून वळसा पडतो.

---

फोडणीवाली

खाण्यावर लिहिते, कारण २४ तासांत जास्तीत जास्त लोक पायाने नव्हे, पोटाने बाहेर पडतात.

तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण आकडा. ९० पर्यंत नेणारे असतात, पण ते आतडं महिनोन्‌महिने सरावलेलं असलं तरच, आणि त्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज दोन्ही लागतात. आपल्या घरच्या खाण्यात हे कसं बसतं ते सांगते. अर्धं केळं १२ ग्रॅम, चार ग्लुकोज बिस्किटं १६, आणि वीस ग्रॅम साखर घातलेलं पेलाभर कोकम सरबत २०. झाले ४८. एवढं एका तासात दोन-तीन हप्त्यांत.

रात्री गोड नकोसं होतं. तेव्हा मऊ भात, १५० ग्रॅम शिजवलेला, मीठ आणि चार थेंब लिंबू पिळून. त्यात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं. उकडलेला बटाटा मिठात बुडवून, १०० ग्रॅमला २० ग्रॅम. साबुदाण्याची पातळ खीर, ३० ग्रॅम साबुदाणा आणि १५ ग्रॅम साखर, ४० ग्रॅम तरी देते. दूध नावापुरतं, बाकी पाणी. खीर थर्मासमध्ये घट्ट होते, म्हणून घरी करताना हवी त्याच्या दुप्पट पातळ ठेवा. आमसुलाचं सार कोमट असताना पहाटे फार कामाचं, मीठही जातं आणि तोंडाची चवही बदलते.

साबुदाण्याची खिचडी मात्र नको. शेंगदाण्याचं कूट आणि तूप, दोन्ही पोटात तासन्‌तास पडून राहतात. पहिल्या तीन-चार तासांत चिक्कीचा तुकडा चालतो, नंतर तोही नाही.

ओआरएस हे खाणं नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. एका लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. सोडियम मात्र भरपूर, लिटरला सतराशे मिलिग्रॅमच्या आसपास. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात घोळून प्यालात तर आतडं उलट पाणी ओढून घेतं, मग मळमळ आणि जुलाब. पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात. आणि दुकानात फळांच्या चवीची पेयं ओआरएससारख्या वेष्टनात मिळतात, त्यात साखर कितीतरी जास्त असते. मागचा मजकूर वाचूनच घ्या.

---

पहिलीच_वेळ

ताई, मीठ तासाला किती?

---

फोडणीवाली

घामावर आहे. ३०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम तासाला ही सुरुवातीची पट्टी. चहाचा पाव चमचा मीठ, म्हणजे दीड ग्रॅम, त्यात ६०० मिलिग्रॅम सोडियम. टोपीवर, बनियनवर पांढरे पट्टे उमटत असतील तर वरच्या आकड्याकडे जा. पुण्याची जानेवारीतली रात्र आणि मुंबईची दमट संध्याकाळ यांना एकच माप लावू नका. पाण्याचंही तसंच: गार रात्री तासाला ४०० मिली पुरतं, दमट हवेत ७०० लागू शकतं. घरी एक तास धावण्याआधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. मधे प्यालेलं पाणी त्यात मिळवा. अर्धा किलो घटलं आणि २०० मिली प्यालात, तर घाम ७०० मिलीचा.

मळमळ सुरू झाली तर खाणं रेटू नका, पण बंदही करू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, मानेवर गार फडका ठेवा, साध्या पाण्याचे घोट घ्या. बहुतेक वेळा पोटात साखर दाट झालेली असते आणि रक्त सगळं पायांकडे. वेग उतरला की पोटाला रक्त मिळतं. मग अर्धं बिस्किट.

---

नाडी

फोडणीवाली ताईंनी पाण्याचं लिहिलं, त्याला जोडून. जास्त पाणी पिणं हे कमी पिण्याइतकंच, किंबहुना जास्त धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली उतरलं की डोकं दुखतं, उलट्या होतात, बोटं सुजतात, अंगठी रुतते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. क्रूला वाटतं पाणी कमी पडलं, ते आणखी पाजतात, आणि गाडी घसरते.

ओळखायचा उपाय वजनकाटा. सुरू व्हायच्या आधी कपडे-बुटांसकट वजन घ्या आणि २४ तासांत दर चार-सहा तासांनी परत. दोन ते चार टक्के घटलं तर ठीक. वाढलं असेल तर पिणं थांबवा, खारट काहीतरी द्या. वजन वाढलंय आणि डोकंही गुंगलंय, तर तडक वैद्यकीय तंबूत. तिथे साधं सलाईन लावायची घाई होऊ नये म्हणून वजनाचा कागद बरोबर न्या, डॉक्टरला त्यावरून दिशा कळते.

दुखण्याच्या गोळ्या: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्या जातीतलं काहीही शर्यतीत नको. आधीच मूत्रपिंडाला रक्त कमी जात असतं, त्यावर ही गोळी म्हणजे उरलेला रस्ताही आवळणं. लघवी कोलासारखी काळपट झाली तर स्नायू विरघळून मूत्रपिंडात अडकत आहेत असं समजायचं. शर्यत तिथेच संपली, सरळ रुग्णालयात.

दुपारी बडबड वाढली, अंग चटका बसेल इतकं गरम लागतंय, तर आधी थंड करा. बर्फाचं पाणी, ओले टॉवेल, पंखा. आणि मग हलवा.

रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर शर्यतीच्या दिवशी त्यांचं काय करायचं हे आपापल्या डॉक्टरला आधी विचारा. इथे विचारून ठरवू नका.

---

अनुस्वार

पायांवर कोणीच लिहिलं नाही.

---

सातवी_लेन

लिहितो. फोड येतो तो ओल, उष्णता आणि घासण यांच्या एकत्र येण्याने. तिन्हींपैकी एक काढलं तरी पुष्कळ वाचतं.

ओल कुठून येते? घामाने येतेच, पण दुपारी डोक्यावर पाणी ओततात तेव्हा ते पाठीवरून, मांडीवरून थेट बुटात उतरतं. तासाभरात तळवे धुणं धुतल्यासारखे पांढरे आणि सुरकुतलेले होतात. मग कातडी सरकते. पाणी ओतायचंच तर उभे राहा, कमरेत पुढे वाका आणि मानेवर ओता, म्हणजे ते बुटांच्या पुढे पडेल. त्यापेक्षा ओला रुमाल मानेला बांधणं चांगलं.

नखं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापा. आदल्या दिवशी कापली तर कोपरे धारदार राहतात. बोटांचे वेगळे कप्पे असलेले मोजे ज्यांना जमतात त्यांनी जरूर वापरावे. बुटांची दुसरी जोडी अर्ध्या ते एका नंबरने मोठी. आठव्या तासानंतर पाऊल सुजतं आणि पहिल्या बुटात अंगठा पुढे आपटायला लागतो. कृत्रिम ट्रॅक दुपारी तव्यासारखा तापतो, पातळ तळव्याचे बूट तिथे नकोत. स्पाइक्सचा तर प्रश्नच नाही.

फोड आलाच तर: हात धुवा, कातडी स्पिरिटने पुसा. निर्जंतुक सुईने फोडाच्या कडेला, तळाशी, शेजारी-शेजारी दोन छिद्रं पाडा, म्हणजे चालताना पाणी दाबून बाहेर येत राहतं. वरची कातडी काढायची नाही, तीच झाकण आहे. कोरडं करा, जंतुनाशक लावा, वरून झिंक ऑक्साइडची पट्टी. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा. चौकोनी कोपरा मोज्यात अडकून दोन फेऱ्यांत सुटतो. पट्टी लावून झाल्यावर मोजा ओढताना बोटांकडून टाचेकडे गुंडाळत घाला, खेचू नका. रक्त भरलेला फोड फोडू नका.

काचणं: मांड्यांच्या आत, काखेत, छातीवर, कमरेच्या इलॅस्टिकखाली. पेट्रोलियम जेली सुरू होण्याआधी आणि मग दर चार तासांनी. घाम वाळून मीठ साचलं असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. मिठावरच जेली लावली तर ती सँडपेपरसारखी घासते.

---

फोडणीवाली

क्रूच्या टेबलाबद्दल दोन शब्द. टेबल मॅट ओलांडल्यावर लगेच असावं, म्हणजे फेरी नोंदली गेल्यावरच थांबणं होतं. खुर्ची टेबलाच्या मागे, घडी घालून. समोर मांडलेली खुर्ची दिसली की माणूस बसतो, आणि बसला की पाच मिनिटांची पंधरा होतात.

"काय हवं?" असं विचारू नये. पंधराव्या तासाला उत्तर नेहमी "काही नको" असंच येतं. दोन वाट्या पुढे धरायच्या: "भात की बटाटा?" पुढच्या फेरीला काय मिळणार ते आधीच्या फेरीला सांगायचं, म्हणजे तो तयारीने येतो. वहीत पाच रकाने: वेळ, फेरी, खाल्लं, प्यालं, लघवी. चार तासांत लघवीच्या रकान्यात खूण नसेल तर लगेच दखल घ्या.

प्रत्येक डबीवर काळ्या मार्करने मोठं नाव. रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात मिठाची आणि साखरेची डबी सारखीच दिसते.

---

घाटवळण

थांब्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, त्यावर थोडं. २४ तासांत सात-सात मिनिटांचे बारा थांबे म्हणजे ८४ मिनिटं. ८:३० च्या पेसने ते जवळपास दहा किलोमीटर झाले. पेस दहा सेकंदांनी वाढवायला जीव जातो, पण थांबा सातवरून तीनवर आणायला फक्त शिस्त लागते. मोजे बदलणं, लघवी, जेली, जॅकेट ही कामं एकाच थांब्यात एकत्र करा. काय काय करायचं ते आधीच्या फेरीत मनात घोकत या. खाणं चालता-चालता, हातात घेऊन.

---

अनुस्वार

रात्रीच्या डुलकीचं काय? काही जण झोपूच नका म्हणतात, काही दीड तास झोपा म्हणतात.

---

सातवी_लेन

१२ तासांत झोप नाही. २४ तासांत पाय वाकडे पडायला लागले, लेनची रेषा दोन दिसायला लागली, तर १५ ते २० मिनिटं. पाठीवर, पाय खुर्चीवर उंच, अंगावर पांघरूण, गजर क्रूच्या हातात. त्याच्यापुढे गेलात तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर अंग लाकडासारखं होतं. झोपायच्या आधी कॉफी प्यालात तर उठेपर्यंत ती लागू पडायला लागलेली असते.

सर्वांत वाईट काळ पहाटे २ ते ५. अंगाचं तापमान त्याच वेळी सर्वांत खाली असतं आणि दव पडून ट्रॅक ओला होतो. कॉफी त्यासाठी राखून ठेवा. संध्याकाळी उत्साहात तीन कप संपवले तर पहाटे ती काहीच करत नाही. साध्या झटपट कॉफीच्या कपात ६० ते ८० मिलिग्रॅम कॅफिन धरा, रात्री एकला पहिला कप, मग दोन-दोन तासांनी. वेग उतरला की अंग गारठतं, म्हणून जॅकेट थंडी वाजायच्या आधी.

---

नाडी

झोपेची गुंगी आणि सोडियम उतरल्याची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. झोपवण्याआधी वजन करा आणि बोटं पाहा. वजन वाढलेलं असेल तर झोपवू नका.

---

पहिलीच_वेळ

सरावाबद्दल कोणी सांगेल का? माझ्याकडे सोळा आठवडे आहेत, सध्या आठवड्याला ४५ किमी.

---

घाटवळण

४५ वरून हळूहळू ७०-७५ पर्यंत जा, दर चौथा आठवडा हलका. किलोमीटरपेक्षा तास मोजा. मुख्य सराव शनिवार-रविवार लागोपाठ: शनिवारी तीन-साडेतीन तास, रविवारी दमलेल्या पायांनी दोन ते अडीच, तेही चाल-धाव त्याच प्रमाणात जे शर्यतीत ठरवलंय. सर्वांत लांब सराव सहा तासांचा, शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी. तो ट्रॅकवर करा, संध्याकाळी सुरू करून मध्यरात्री संपवा, आणि शर्यतीतलंच खाणं खा. पोटाचा सरावही तिथेच होतो. ट्रॅक मिळत नसेल तर एखाद्या मैदानाचा छोटा वळसा, दिशा तासाला बदलत.

आठवड्यात दोनदा पायांचा व्यायाम: एका पायावर टाच उचलणं, प्रत्येकी १५ चे तीन फेरे, एका बाजूला झोपून वरचा पाय उचलणं, खुब्यासाठी, पायरीवरून सावकाश उतरणं. वळणाचा भार इथेच सोसला जातो. नडगीसाठी भिंतीला पाठ टेकून चवडे वर उचलणं, २० चे तीन फेरे. हे लोक करतच नाहीत, आणि दहाव्या तासाला पाऊल उचलता येत नाही.

शेवटचे अडीच आठवडे उतरते. नवीन बूट, नवीन जेल, नवीन काहीही नको.

---

अनुस्वार

एक अवांतर, पण याच विषयातलं. हे सगळं नवं वाटत असलं तरी १८७०-८० च्या दशकांत लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये सहा-सहा दिवसांच्या शर्यती बंदिस्त सभागृहांतल्या छोट्या ट्रॅकवर भरत आणि लोक तिकीट काढून बघायला येत. १८८८ मध्ये जॉर्ज लिटिलवुडने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांत ६२३ मैलांहून जास्त अंतर कापलं. तो विक्रम १९८४ मध्ये कुरोसने मोडला. शहाण्णव वर्षं टिकला, आणि तोही आजचे बूट आणि आजची पेयं नसताना केलेला. मला ही माणसं फार मोठी वाटतात.

---

पहिलीच_वेळ

सगळं वहीत उतरवलं. टेबल, दोन आकडे, सरळ बाजूवर चाल, मीठ, वजनकाटा. शेवटचा प्रश्न: भोंगा वाजतो तेव्हा मी फेरीच्या मधेच असेन. ते अर्धवट अंतर धरतात का?

---

मोजणीदार

धरतात, म्हणून शेवटच्या मिनिटात मॅटवर येऊन थांबू नका. शेवटची काही मिनिटं उरली की प्रत्येकाला बिब क्रमांक लिहिलेला लाकडी ठोकळा किंवा वाळूची पुरचुंडी देतात. ती हातात घेऊन धावत राहायचं आणि भोंगा वाजताच, जिथे असाल तिथे, पायाशी ठेवायची. पुढे फेकायची नाही, उचलून हलवायची नाही. मग चाक घेतलेले पंच मॅटपासून तिथपर्यंतचं अंतर मोजतात. ठोकळा ठेवल्यावर काही ठिकाणी पंच येऊन नोंद करेपर्यंत शेजारीच थांबायला सांगतात, तसं असेल तर क्रूला जॅकेट घेऊन तिथे यायला आधीच सांगून ठेवा. पहाटे सहाला घामाने भिजलेल्या अंगाने दहा मिनिटं उभं राहणं सोपं नसतं. काही स्थानिक शर्यतींत फक्त पूर्ण फेऱ्याच धरतात. तसं असेल तर शेवटची फेरी सुरू करण्याआधी घड्याळ बघा: चार मिनिटं उरली असतील आणि तुमची फेरी ३:४० ची असेल, तर निघा.